घरी राहिलेली मतं

लिप्नियाकी गावात त्या रविवारी कोण काय मत देतं याला महत्त्व नव्हतं. कोण घराबाहेर पडतं, एवढंच लोक बघत होते.

बारा गावांच्या पंचायतीच्या सरपंचबाईंना मुदतीआधीच पायउतार करायचं की नाही, यावर बाराही गावांत मतदान होतं. पण कायद्यात एक मेख होती. बाईंना निवडून द्यायच्या वेळी जितकी माणसं आली होती, त्यांच्या पाच हिश्श्यांतले तीन हिस्से तरी माणसं या खेपेला यायला हवी होती. तेवढी आली नाहीत तर मतदान फुकट आणि बाई खुर्चीत कायम. म्हणून बाईंच्या बाजूने घरोघर निरोप गेला होता: बटाटे लावा, झोपा काढा, पण बंबघराकडे फिरकू नका. मतपेटी तिथेच ठेवली होती, आगीचा बंब बाहेर काढून. त्यामुळे त्या दिवशी जो बंबघराच्या वाटेला लागेल तो बाईंवर उठलेला, हा हिशोब शेंबड्या पोरालाही कळत होता.

आणि चर्चमधली सकाळची प्रार्थना सुटल्यावर, सगळ्या गावादेखत, टोपी सारखी करत बंबघराच्या वाटेला लागला तो कोर्नेल वासिलुक. सरपंचबाईंचा नवरा.

कोर्नेल म्हणजे कमी बोलणारा, रुंद खांद्यांचा, साठी ओलांडलेला माणूस. सारी नोकरी त्याने डेअरीचा दुधाचा टँकर चालवण्यात घालवली. बारा गावांतली सगळी अंगणं त्याला ठाऊक होती आणि बारा गावांतले कुत्रे त्याच्यावर भुंकत नसत. एकच खोड होती त्याला. माणूस गोड बोलायला लागला की हा आधी दूध हुंगायचा. गोड बोलण्यामागे पाणी असतंच, असं त्याचं मत होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ते बदललं नाही.

इर्मिना, म्हणजे सरपंचबाई, त्याच्या अगदी उलटी. बोलकी, चटपटीत, सहकारी बँकेत हिशोबनीस होती तेव्हापासून लोक तिच्याकडे अडलंनडलं घेऊन यायचे. ती सरपंच झाली तेव्हा कोर्नेलने पहिल्यांदा सूट शिवला. दुसऱ्यांदा निवडून आली तेव्हा तोच सूट घातला. सगळं ठीक चाललं होतं, पण मग नदीकाठच्या कुरणावर कोंबड्यांच्या शेड आल्या. म्हणजे यायच्या होत्या. बाहेरची एक कंपनी, लाखो कोंबड्या, आणि वारा सुटला की वास थेट गावात. इर्मिनाने भर सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, “मी जिवंत असेपर्यंत सही करणार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिवाळा संपता संपता तिने सही केली.

का केली, ते तिने कुणाला सांगितलं नाही. गावाला सांगितलं, “कायद्याने करावी लागली.” नवऱ्यालाही तेवढंच सांगितलं, आणि वर म्हणाली, “तू तरी आता सुरू होऊ नकोस.”

कोर्नेल सुरू झाला नाही. तो बघत राहिला. इर्मिना आता फोन आला की उठून बाहेर जायची, प्लमच्या झाडांखाली, तेही बर्फ वितळून चिखल झालेला असताना, घरातल्या सपाता घालून. परत आली की म्हणायची, “कचेरीतून होता.” कचेरीतला फोन घरात घ्यायला काय झालं? ती भाषणात “आपलं गाव” म्हणायची तशी आता जेवताना म्हणायला लागली होती, “आपलं सूप बरं झालंय ना?” गोडवा वाढला होता. कोर्नेलने चमचा खाली ठेवून तिच्याकडे बघितलं होतं, आणि तिने नजर खिडकीकडे नेली होती.

गावात काय बोलतात ते त्याच्या कानावर येतच होतं. कंपनीने बाईंना विकत घेतलं म्हणे. मुलगी नॉर्वेत आहे ना, तिथे घर घेऊन दिलं म्हणे. मुलगी तिथे दोन खोल्यांत भाड्याने राहते हे कोर्नेलला माहीत होतं, म्हणून ते त्याने सोडून दिलं. पण काहीतरी होतं. काय, ते कळत नव्हतं.

त्या रविवारी न्याहारीला इर्मिना म्हणाली, “आज चर्चलाही नको जाऊस.”

“का?”

“चर्चच्या समोर बंबघर आहे म्हणून. लोक म्हणतील, आत गेला.”

“मग लोकांना सांग डोळे तपासून घ्या.”

“कोर्नेल, चेष्टा नकोय. एकेक माणूस मोजला जाणार आहे आज.”

एकेक माणूस मोजला जाणार आहे. या वाक्याने कोर्नेलच्या डोक्यात काहीतरी जुनं हललं. त्याच्या लहानपणी, कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात, मतदानाला न जाणाऱ्यांची नावं लिहून घेत. सगळे जायचे. चिठ्ठी घ्यायची आणि तशीच पेटीत टाकायची, आडोशाला पडदा असायचा पण त्यामागे कुणी जात नसे, कारण गेला म्हणजे नक्की काहीतरी खोडून आला. कोर्नेलचा बाप एकदा गेला. नाक शिंकरायला गेला होता बिचारा, सगळ्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. त्या वर्षी गोठ्यासाठी मागितलेलं सिमेंट त्याला मिळालं नाही. तेव्हा न येणाऱ्यांची नोंद व्हायची, आता येणाऱ्यांची होत होती. आणि ती ठेवणारी आपली बायको.

त्याने काळ्या पावाचा शेवटचा तुकडा खाल्ला, टोपी घेतली आणि गेला.

चर्चपासून बंबघर म्हणजे रस्ता ओलांडायचा तेवढाच. पण त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. प्रार्थनेहून निघालेली माणसं पायरीवरच रेंगाळली. दुकानवाली ओतिलिया, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिने शेजारणीचा दंड धरला. “अगं बाई! ते बघ, कोण चाललंय ते बघ!”

बंबघराच्या फाटकाशी लुत्सियान उभा होता. हा गुरांचा डॉक्टर, आणि बाईंना पाडायचं सगळं त्यानेच उभं केलेलं. मतदानाच्या दिवशी प्रचार करायला बंदी, म्हणून तो नुसता उभा राहून हसत होता. कोर्नेलला बघून त्याचं हसू क्षणभर गळालं आणि मग दुप्पट झालं. त्याने पुढे होऊन कोर्नेलचा हात दोन्ही हातांत धरला.

“कोर्नेलराव, मला काही बोलायची परवानगी नाही आज. पण सलाम तुम्हाला.”

“हात सोडा,” कोर्नेल म्हणाला. “आत जायचंय.”

आडोशामागे गेल्यावर त्याने मतपत्रिका उलगडली. वर प्रश्न छापला होता आणि प्रश्नात त्याच्या बायकोचं पूर्ण नाव होतं. तीस-पस्तीस वर्षं तो ज्या नावाने हाक मारत आला ते असं छापलेलं, खाली दोन चौकोन: होय, नाही. घरून निघताना त्याचं ठरलेलं होतं. ‘नाही’वर फुली मारायची. नवरा आहे, दुसरं काय करणार. पण पेन टेकवलं आणि त्याला प्लमची झाडं आठवली, चिखलातल्या सपाता आठवल्या. काय लपवते आहे ही? ‘नाही’ म्हणायचं तर तिचं सगळं खरं धरायचं. ‘होय’ म्हणायला हात उचलेना. बाहेर कुणीतरी खोकललं. फार वेळ झाला होता, आणि तेवढ्याचाही लोक अर्थ लावणार होते. त्याने कोरीच पत्रिका घडी घालून पेटीत टाकली.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. इर्मिना ओट्याशी पाठमोरी उभी राहून बटाटे किसत होती. रविवारी बाबका, म्हणजे किसलेल्या बटाट्यांचा भाजलेला केक, करायचा म्हणून किसत होती, पण किसणीचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

“तीन जणांनी फोन केला,” ती म्हणाली. “ओतिलियाने दोनदा.”

“मी काय दिलं ते तर विचार.”

“कशाला विचारू? तू काय दिलंस याला कवडीची किंमत नाही. तू गेलास. एक आकडा वाढला.” ती वळली. तिचे डोळे कोरडे होते, ते जास्त वाईट होतं. “आणि तुला बघून आणखी किती गेले असतील? सरपंचाचा नवराच जातोय म्हटल्यावर आपल्याला कसली भीती, असं म्हणून?”

हा विचार कोर्नेलला सुचलाच नव्हता.

सोमवारी सकाळी बंबघराच्या दारावर निकाल चिकटवला. बारा गावांचा मिळून आकडा लागत होता त्यापेक्षा अकरा माणसं जास्त आली होती. अकरा. बाई गेल्या. लिप्नियाकीच्या पेटीत ‘होय’चा ढीग होता, ‘नाही’ पाच, आणि बाद एक.

त्या एका बाद मताकडे कुणी बघितलं नाही. कुणा म्हाताऱ्याला दिसलं नसेल, म्हणाले. पण त्या पाच ‘नाही’वरून गावात जे सुरू झालं ते महिनाभर थांबलं नाही. पाच कोण? ज्यांचं पंचायतीत काही अडलेलं होतं, किंवा ज्यांना बाईंचं तोंड चुकवणं कठीण होतं, ते एकेक करून दुकानात येऊन सांगायला लागले की आम्ही गेलो खरे, पण बाईंसाठीच गेलो हो, ‘नाही’च दिलं. ओतिलिया वजनकाट्यामागून सगळ्यांना “वा, वा” म्हणायची आणि ते गेले की बोटांवर मोजायची. “नऊ झाले गं. पाच मतांना नऊ धनी!”

कोर्नेलला मात्र कुणी त्या पाचांत धरलं नाही. लुत्सियानच्या माणसांनी त्याला आपला करून टाकलं. एकाने घरी धुरावलेलं मांस फाटकावर टांगून ठेवलं. दुसऱ्याने रस्त्यात गाडी थांबवून खांद्यावर थाप मारली, “घरात राहून असं करायचं म्हणजे छाती लागते!”

“मी तसं मत दिलेलं नाही,” कोर्नेल म्हणाला.

“नाही ना? बरोबर, बरोबर.” आणि डोळा मारला.

इर्मिनाची माणसं त्याला बघून रस्ता बदलायची. घरात इर्मिना त्याच्याशी बोलायची, पण परक्या गावच्या पाहुण्याशी बोलावं तसं. मीठ दे. दार लाव. तिने पुन्हा विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तिला वाटत होतं, हा विरोधात गेला. त्याला वाटत होतं, ही काहीतरी दडवते आहे. दोघं एकमेकांना वाढत होते, जेवत होते.

नव्या सरपंचासाठी निवडणूक लागली तेव्हा इर्मिनाने पुन्हा उभं राहायचं ठरवलं. कायद्याने तिला बंदी नव्हती. तिने स्वयंपाकघरात टेबलाशी बसून कोर्नेलला हिशोब ऐकवला. “आले किती? थोडेच. बाकीचे? घरी राहिले. का राहिले? मी सांगितलं म्हणून. म्हणजे ते माझे. ते सगळे जर आता बाहेर पडले तर लुत्सियानचं काय होईल बघ.”

“घरी राहिलेले सगळे तुझेच कशावरून?”

“मग कुणाचे?” ती चिडली. “तुझे?”

गाडी मात्र कोर्नेलनेच चालवायची होती, कारण इर्मिनाला खेड्यांतले कच्चे रस्ते जमत नसत. पहिल्या घरी एक विधुर म्हातारा राहायचा, मधमाश्या पाळणारा. इर्मिना त्याचा हात धरून म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी घरी राहिलात, विसरणार नाही मी.” म्हातारा गोंधळला. “कुठल्या दिवशी? ते मतदान? अहो, मला वाटलं पुढच्या रविवारी आहे. सूट घालून गेलो तर बंबघराला कुलूप!”

दुसऱ्या घरी नातवाचा बाप्तिस्मा होता म्हणून कुणी गेलं नव्हतं. तिसऱ्या घरातल्या बाईने सांगितलं, “कोण येतं नि कोण जातं, आम्हाला काय, शेणाचा वास येणारच.” इर्मिना हसून बोलत होती, पण गाडीत बसली की सीटचा पट्टा तिला लागत नव्हता, खटखट करत राहायचा.

शेवटी ते शाळेजवळच्या एका घरी गेले. त्या घरची सून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सासूने केक कापला, चहा केला, आणि सगळं गोड गोड चाललं होतं. कोर्नेलने चहाचा पेला हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

“तुम्ही घरी राहिलात,” इर्मिना म्हणाली, पण आता तिचा आवाज सकाळसारखा नव्हता.

सासू उत्तर द्यायच्या आत सूनच बोलली. “राहिलो ना. राहणार नाही तर काय? शाळेतली नोकरी तुमच्या हातातली. बंबघरासमोर तुमची माणसं गाडीत बसून कोण येतं ते बघत होती.”

“अगं, गप्प!” सासू म्हणाली.

“का गप्प? आता त्या सरपंच नाहीत.” सून इर्मिनाकडे वळली. “बाई, राग मानू नका. तुमचं वाईट नाही चिंतत मी. पण तुम्हाला भिऊन घरी बसलो आम्ही. आणि हे आम्हीच नाही, या आळीत विचारा.”

इर्मिनाने केक संपवला. सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत, कारण टाकणं बरं दिसलं नसतं. मग आभार मानून उठली.

गावाबाहेर पाणथळीपाशी आल्यावर ती म्हणाली, “थांब जरा.” कोर्नेलने गाडी कडेला घेतली. एक करकोचा ओल्या गवतात पाय उचलत चालला होता. ती करकोच्याकडेच बघत होती.

“मला भितात,” ती म्हणाली. “मला! कधीपासून?”

कोर्नेलने इंजिन बंद केलं.

“गाड्या मी नव्हत्या पाठवल्या.”

“पण आहेत हे माहीत होतं.”

“माहीत होतं.” मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, “तू काय दिलंस?”

“कोरी टाकली.”

तिने मान वळवली. “ते बाद मत?”

“तेच.”

“म्हणजे ‘नाही’सुद्धा दिलं नाहीस! एवढं चालत जाऊन, माझं नाक कापून, आणि फुलीसुद्धा मारवली नाही तुझ्याने?” ती अशी बोलली की करकोच्यानेही मान वर केली. “त्यापेक्षा विरोधात देतास तर मला कळलं तरी असतं, कुठे उभा आहेस!”

“तू कुठे उभी होतीस ते मला कुठे कळत होतं?” कोर्नेल म्हणाला. लग्नानंतर त्याचा आवाज इतका चढल्याचं तिला आठवत नव्हतं. “सभेत हात आपटलास आणि सही केलीस. झाडाखाली कुणाशी बोलत होतीस? काय घेतलंस त्या लोकांकडून?”

“काय घेतलं?” ती थक्क झाली. “तुलाही तेच वाटत होतं?”

“मला काय वाटायचं ते तूच ठरवलंस. सांगितलं नाहीस ना काही.”

इर्मिनाने पट्टा सोडला, पुन्हा लावला. मग बोलायला लागली, आणि बोलताना तिचे कान लाल झाले. हरकत नोंदवायची मुदत होती. पंचायतीने त्या मुदतीत लेखी हरकत घ्यायची, नाहीतर संमती धरली जाते. कचेरीतल्या आंतोनीवर तिने ते सोपवलं, आंतोनीला वाटलं बाई स्वतः बघताहेत, आणि मुदत निघून गेली. कुणाच्या लक्षातच आलं नाही. कंपनीच्या वकिलाच्या आलं, आणि मग कायद्याने सही करावीच लागली. मग झाडाखालचे फोन, ते शहरातल्या एका वकिलाला, काही करता येईल का म्हणून. काहीच करता आलं नाही.

“एवढंच?” कोर्नेल म्हणाला.

“एवढंच.”

“मग सांगायचं ना लोकांना! चूक झाली म्हणून.”

“कसं सांगू? आयुष्यभर हिशोबनीस होते मी. बारा गावांत कुणाचा आकडा चुकला की माझ्याकडे येतात.” ती थांबली. “पैसे खाल्ले म्हणाले तर म्हणू देत, वाटलं. पैसे खाणाऱ्याला निदान हुशार तरी म्हणतात. बावळट म्हटलेलं मला सोसलं नसतं.”

कोर्नेलला हसू आलं, आणि हसू आलं याचा राग आला. त्याने गाडी सुरू केली. त्या दिवशी पुढची घरं राहिली ती राहिलीच.

अर्ज भरलेला होता, म्हणून इर्मिना उभी राहिली, पण दारोदार गेली नाही. शेवटच्या सभेत तिने मुदतीचं सगळं सांगून टाकलं. टाळ्या पडल्या नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, “आता ही नवी गोष्ट!” निम्म्या लोकांना ते खरं वाटलं, निम्म्यांना वाटलं की खाल्लेल्या पैशांवर घातलेलं हे पांघरूण आहे. मतदानाला या वेळी सगळं गाव गेलं, आणि कोण कशासाठी चाललंय ते रस्त्यावरून कुणालाच ओळखता येईना. ओतिलियाला तो दिवस फार कंटाळवाणा गेला. कोर्नेल आणि इर्मिना बरोबरच गेले. त्याने ‘वासिलुक’समोर फुली मारली, ठसठशीत, आणि बाहेर येऊन कुणाला सांगितली नाही. लुत्सियान निवडून आला. इर्मिनाला पडली एक तृतीयांशाहून थोडी जास्त, आणि ती मतं प्रेमाची, कीवेची की लुत्सियानवरच्या रागाची, हे तिने या खेपेला शोधलं नाही.

कोंबड्यांच्या शेड व्हायच्या त्या झाल्याच. लुत्सियान आता सभेत सांगतो, “कायद्याने हात बांधलेत,” आणि मागच्या बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघतात. इर्मिना लाकडाच्या वखारीत हिशोब लिहायला जाते. घरात फोन आला की खुर्चीतच बसून घेते, आणि जरा मोठ्यानेच बोलते.

कोर्नेलने तिचं सांगणं खरं मानलं. बहुतेक सगळं मानलं. पण तीस वर्षं दूध हुंगलेलं नाक एका दिवसात बदलत नाही. गेल्या शरद ऋतूत तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आंतोनी येऊन बसला. तोच, पंचायतीतला, आता निवृत्त झालेला. नंबर यायला वेळ होता. एक प्रश्न विचारला असता तर काय ते कळलं असतं: मुदत खरंच चुकली होती का? आंतोनीलाही ते जाणवलं असावं, कारण तो टोपी हातात फिरवत वाट बघत राहिला.

“गुडघे कसे आहेत?” कोर्नेलने विचारलं.

“उजवा बरा आहे,” आंतोनी म्हणाला. “डाव्याचं काही खरं नाही.”

मग दोघंही हवामानाबद्दल बोलत बसले.